संस्थापक गेले, पाटी राहिली: ‘इंडियन ओशन’ अजून ‘इंडियन ओशन’ आहे का?

कॅसेटवाला
परवा माळा आवरताना ‘इंडियन ओशन’ या बँडच्या ‘कंदिसा’ची कॅसेट सापडली. अल्बम २००० चा, मी नाशिकच्या मेनरोडवरून घेतला होता. डबीचं बिजागर तुटलंय, आतला कागद घडीवर फाटलाय, पण बँडमधली चार नावं अजून नीट वाचता येतात: सुस्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम, अमित किलम. भाचा म्हणाला, “मामा, यातले दोघंच उरलेत ना आता?” तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

माझं म्हणणं असं की हे नाव २०१३ लाच खाली उतरवायला हवं होतं. सुस्मित आणि असीमची गाठ १९८४ ची. १९९० मध्ये दिल्लीत बँड उभा राहिला, नावही सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. असीम २५ डिसेंबर २००९ ला गेला. २०१३ मध्ये सुस्मित बाहेर पडला. मांडव घालणारे दोघंही नाहीत, आणि मांडवावरचं नाव तेच. राहुल आणि अमितबद्दल मला काडीचाही आकस नाही. खुशाल वाजवा, पण दुसऱ्या नावानं.

असीमला वाजवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना फार सांगावं लागणार नाही. गडी मांडी घालून बसायचा, पुढ्यात तबला, आजूबाजूला इतर तालवाद्यं आणि तोंडासमोर माईक. हात एका वाटेनं, गळा दुसऱ्या वाटेनं, आणि समेवर दोघं बरोबर भेटायचे. तो गेल्यावर जागा भरायला दोन माणसं लागली. गायला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. चौघांचे पाच झाले, यातच काय ते समजा.

पथकातला
दादा, कॅसेट जपा, पण हिशेब कच्चा आहे. राहुल राम १९९१ पासून आहे, अमित १९९४ पासून. असीम बँडमध्ये एकोणीस वर्षं होता, सुस्मित तेवीस. राहुल-अमितची बँडमधली तीस वर्षं कधीच उलटून गेली. इतकी वर्षं गाडा ओढणाऱ्याला तुम्ही भाडेकरू ठरवताय.

आणि तुमच्या त्याच कॅसेटवर ‘मा रेवा’ आहे. ते कुठून आलं? राहुल नर्मदा आंदोलनात होता, तिथल्या लोकगीतावरून. ते खोरं काही लांबचं नाही, अक्कलकुवा-अक्राणीची गावं आपल्याच नाशिक विभागातली. बँडच्या सुरुवातीच्या कामात वाजवणं जास्त, शब्द कमी. तुम्ही ज्या ‘इंडियन ओशन’च्या प्रेमात पडलात, त्यात नंतर आलेल्यांचा वाटा मोठा आहे भो.

नावाचंच म्हणाल तर केरळात ‘नाशिक ढोल’ म्हणून पथकं वाजतात. त्यातल्या किती जणांनी गोदावरी पाहिली असेल? आपण जाऊन पाटी काढतो का?

कॅसेटवाला
ढोलाची गोष्ट वेगळी, तो गावाच्या नावाचा. पण खरं सांगा, तो ऐकताना “हा आपला नाही” असं वाटतं की नाही?

पथकातला
वाटतं. दोन मिनिटं. मग पाय आपोआप हलायला लागतात.

तिसरी घंटा
नाटकवाले हा प्रश्न केव्हाच सोडवून मोकळे झालेत. कालिदास नाट्यगृहात प्रयोग लागतो तेव्हा जाहिरातीत लिहितात, ‘नव्या संचात’. एवढे दोन शब्द छापले की प्रेक्षक काय ते समजून तिकीट काढतो. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडनं तेच केलं. गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ ला गेला, बेसवाला जॉन डीकन १९९७ नंतर निवृत्त झाला. उरलेल्या दोघांनी नवा गायक घेऊन पाटी लावली ‘क्वीन अधिक अॅडम लॅम्बर्ट’. ते अधिकचं चिन्ह म्हणजे आपलं ‘नव्या संचात’च. इंडियन ओशननंही एखादं चिन्ह लावावं, भांडण मिटलं.

बेसवाला
नाटकाची संहिता लेखकाच्या हातची असते हो. नट बदलला तरी वाक्यं तीच. बँडची संहिता वाजवणाऱ्याच्या बोटांत असते. सुस्मितची गिटार ऐका. सतार आणि गिटार यांच्या मधलं काहीतरी. त्याच्या जागी आलेला निखिल राव उत्तम वाजवतो, पण ती बोटं निराळी.

मी कॅसेटवाल्यांच्या बाजूनं आहे आणि त्याला घरचं कारण आहे, लपवत नाही. आमचा चौघांचा बँड होता, गंगापूर रोडला मित्राच्या पार्किंगमध्ये तालीम चालायची. नाव माझं. इंजिनिअरिंग संपलं, दोघं पुण्याला गेले. ड्रमरनं तीन नवीन पोरं घेतली आणि नाव ठेवलं. दोन वर्षांनी आत्याच्या मुलीच्या लग्नात जेवायला बसलो तर स्टेजवर आमच्या नावाचा फ्लेक्स, खाली ‘विवाह, वाढदिवस, कॉर्पोरेट’. पानात जिलबी, गळ्याखाली उतरेना.

लेड झेपेलिन हा रॉक बँड बघा. ड्रमर जॉन बोनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की संपलं. याला म्हणतात आब.

बावीशीतली
काका, त्याच १९८० मध्ये एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला. जुलैत नव्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला, आणि तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एक झाला. एकाच वर्षी दोन बँडवर तोच प्रसंग आला आणि दोन उलटी उत्तरं निघाली. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत. आणि झेपेलिनचा आब म्हणाल तर तेही २००७ मध्ये एका रात्रीपुरते लंडनमध्ये उभे राहिलेच की, ड्रमवर बोनमचाच मुलगा.

पिंक फ्लॉइड या बँडचं घ्या. नाव संस्थापक सिड बॅरेटनं दिलेलं, सुरुवातीची बहुतेक गाणीही त्याची. १९६८ मध्ये तो बाहेर पडला. कॅसेटवाल्या मामांच्या नियमानं पाटी तिथेच उतरली असती, मग १९७३ चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा गाजलेला अल्बम कुठल्या नावानं आला असता? पुढे त्यांचा बेसवाला रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये निघाला आणि बाकीच्यांनी नाव वापरू नये म्हणून कोर्टात गेला. २०१३ मध्ये त्यानंच कबूल केलं की ते चुकलं.

मी इंडियन ओशन पहिल्यांदा ऐकलं ते ‘मसान’मुळे. सिनेमा २०१५ चा, संगीत या बँडचं. तेव्हा तुमचे दोन्ही संस्थापक नव्हते. मला काही कमी वाटलं नाही, कारण आधीचं माहीतच नव्हतं.

कॅसेटवाला
“माहीतच नव्हतं म्हणून कमी वाटलं नाही” हे माझ्या बाजूचं वाक्य आहे, बाई.

फ्लॉइडचा मुद्दा मात्र लागला, मान्य. पण बॅरेट गेल्यावर त्यांनी त्याची नक्कल करत बसणं सोडलं, स्वतःचा सूर शोधला. इंडियन ओशनचा २०१४ चा ‘तंदानू’ अल्बम घ्या. सात गाणी, सात पाहुणे. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट... एकेक जण थोर. पण घरात माणूस कमी पडला की पाहुण्यांनी घर भरल्यासारखं वाटलं मला.

पथकातला
लग्नघरात पाहुणे आले तर घर ओस पडलं म्हणतात का? शोधून शोधून खोट काढताय.

बेसवाला
एक सांगायचं राहिलं. त्या लग्नात आमचा ड्रमर झकास वाजवत होता, आमच्या वेळेपेक्षा कितीतरी बरा. म्हणूनच जास्त राग आला असेल.

तिसरी घंटा
हे आधी सांगितलं असतंत तर धागा निम्म्यात आटोपला असता.

पथकातला
कॅसेटवाले दादा, माझ्या वडिलांचा टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे, पट्टा गेल्याच वर्षी बदललाय. पंचवटीत राहतो. रविवारी कॅसेट घेऊन या, मिसळ माझ्याकडून.

कॅसेटवाला
येतो. ‘कंदिसा’ दोन्ही बाजूंनी ऐकू. २०१३ नंतरचं काही लावलंत तर मिसळ अर्धी टाकून उठेन.

पथकातला
अर्धी? म्हणजे एक गाणं तरी ऐकून होईल.