मदत हवी आहे: सस्पेन्शनचे नुसते स्प्रिंग की पूर्ण सेट?

राम राम मंडळी, गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किमी झालीये, मागचा एक शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) तेल गाळतोय म्हणून चारही बदलायचेच आहेत तर म्हटलं हँडलिंगचंही बघून घेऊ. मी जळगावचा, चाळीसगावहून कन्नड घाट नेहमीचा, वळणात जरा जोर दिला की नाक बाहेरच पळतं. गॅरेजवाला म्हणतो जुन्याच शॉकवर लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे आखूड स्प्रिंग) टाक, पण भो, त्याने उरलेले शॉकही खराब होतील ना? कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र, उंची बदलता येणारा सेट) बजेटबाहेर, आणि गाडी खाली केली तर आमच्या गल्लीतला गतिरोधक आधीच पोटाला घासतो (चौघं बसले की नक्कीच). माझा विचार, उंची तीच ठेवून चांगले शॉक, चिकट टायर आणि मागच्या टॉर्शन बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) अँटी रोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारी सळई). कोणी लावलाय का? पावसात मागचं घसरतं का?