शेवटच्या रांगेतले सर

आमचे नाटकाचे सर फक्त वाचिक अभिनयच (म्हणजे आवाजातून, बोलण्यातून करायचा अभिनय) शिकवायचे, असं कुणीतरी म्हटलंय. यातलं ‘फक्त’ पटलं नाही. सरांनी आम्हाला एकदा कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात नेलं, माईक बंद करायला लावला आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शब्द पोचला नाही की तिथनं आवाज यायचा, “काय रं, जेवला न्हाईस व्हय?” (कोल्हापुरी खास तालमीपुरती, वर्गात शुद्ध पुस्तकी.) शाहू महाराजांनी १९१५ ला हे नाट्यगृह पॅलेस थिएटर म्हणून उभारलं तेव्हा कुठला माईक, हा त्यांचा मुद्दा. शिवाय आवाजापुरतंच नाही, नायकालाच रंगमंच झाडायला लावायचे, पडदा ओढायला लावायचे.

८ ऑगस्ट २०२४ ला, ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते नाट्यगृह जळालं. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज: शेवटची रांग राहिली का रे?