टाकीतला बॉल बुडायलाय, परवा नळाला पाणी यायच्या आत मदत हवी

गच्चीकर: बॉल कॉकचा बॉल बुडायलाय. टाकी भरून वाहते, शेजारचे ओरडतात. आमच्याकडे चार दिवसाआड पाणी, तेव्हा पटकन सांगा. भोक नाही, वॉशर नवा आहे. प्लंबर बोलवा म्हणू नका, तो उद्या येतो म्हणून महिना झाला.

भाकरी_चटणी: प्लास्टिकचा की तांब्याचा? किती इंची? टाकी उन्हात आहे का?

सेन्सरवाला: काढून टाका हो तो. मी सेन्सर बसवला, तीन वर्षं गच्चीवर चढलो नाही.

भाकरी_चटणी: सेन्सर मोटर बंद करतो. नळ थेट टाकीत येत असेल तर काय बंद करणार?

जुना_बोअर: बोअरचं पाणी मिसळत असाल. क्षारामुळे पाणी जड होतं, म्हणून बॉल बुडतो.

विज्ञानाच्या_बाई: उलट आहे. पाणी जड तेवढी वस्तू वर. समुद्राचं पाणी लिटरला साधारण 1025 ग्रॅम, मृत समुद्राचं 1240 च्या आसपास. तिथे माणूस बुडतो म्हटलं तरी बुडत नाही.

जुना_बोअर: मृत समुद्र राहू द्या बाई. आमच्या बॉलवर पांढरा थर चढलाय, तो काय हवेचा आहे?

विज्ञानाच्या_बाई: थराने बॉल जड होतो, हे मान्य. पाणी जड झाल्याने नव्हे.

सुगरण_६४: विषय निघालाच आहे तर, अंडी पाण्यात टाकून बघत जा. जुनं झालं की आतला ओलावा उडतो, पोकळी वाढते, अंडं वर येतं.

गच्चीकर: ताई, माझ्या टाकीत अंडी नाहीत. बॉल प्लास्टिकचा, साडेचार इंची. घर एकमजली, नळ थेट वर चढतो, दिवसभर ऊन. सांध्याला केसाएवढी चीर होती, रविवारी एम-सीलने बुजवली. म्हणून म्हटलं भोक नाही.

भाकरी_चटणी: आतलं पाणी काढून बुजवली ना?

गच्चीकर: काढायचं असतं होय?

भाकरी_चटणी: अहो, पाणी आत कोंडून बूच मारलंत! मे महिन्यातलं आपलं ऊन, बॉल तापतो, हवा फुगून चिरेतून बाहेर पडते. गार पाणी आलं की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढून घेते. रोज घोटभर. कानाशी हलवून बघा, मग काट्यावर ठेवा. या मापाचा बॉल पूर्ण बुडला तर पावणेआठशे ग्रॅम पाणी सारतो. वजन त्याच्या वर गेलं की तळ गाठलाच.

गच्चीकर: डुचमळतंय. 640 भरला. पण मग तरंगायला पाहिजे की! बादलीत तरंगतोय पण.

विज्ञानाच्या_बाई: बादलीत त्याला नुसतं तरंगायचंय. टाकीत दांडी उचलून पाण्याच्या जोरासमोर वॉशरही दाबून धरायचाय. पूर्ण बुडाला तरी त्याच्याकडे उरतो 135 ग्रॅमचा रेटा. रिकामा असता तर सहाशेच्या वर असता.

जुना_बोअर: म्हणजे वजनच की. मी काय वेगळं म्हणत होतो?

भाकरी_चटणी: नुसता बॉल सुटा मिळतो, आट्यांवर फिरवून बसतो. एम-सील उकरत बसू नका.

सुगरण_६४: परवा पाणी म्हणजे तुमचा भाग कोणता? आमच्याकडे आज सहावा दिवस.