चर्चा: खाण्याबद्दलचे सरकारी सल्ले ऐकायचे तरी किती?

तर्रीबाज (धागाकर्ता)
2025च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत आणि कँटीनमध्ये तेल-साखरेचे फलक लावायला सांगितलं. जुलैत नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन बातम्या: समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार! लोक भडकले, आणि मग मंत्रालयाचा खुलासा, की पदार्थांवर इशारा छापा असं आम्ही म्हटलंच नाही. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने फर्मावलं की जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, उसाचा रसही जपून.

आमच्या घरात तूप वाईट ठरलं तेव्हा डालडा आला. मग करडई, मग सूर्यफूल, आणि आता लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल दुप्पट भावाने. अंड्याचं तर विचारूच नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1968मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक सांगितले. पुढे 2015च्या तिथल्या सरकारी आहारतत्त्वांतून रोजच्या 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादाच काढून टाकली. मधल्या काळात ज्यांनी बलक फेकून पांढरं तेवढं गिळलं, त्यांना निदान एक पत्र तरी पाठवायचं! माझं म्हणणं सरळ आहे: दर दहा वर्षांनी पालटणारा सल्ला पाळण्यापेक्षा आजी खायची ते खावं.

आहारवेडी
तर्रीबाज, डालडा खा असं कुठल्या तत्त्वांत वाचलंत? तो जाहिरातींचा प्रताप होता. उलट त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, बंधन आणलं ते सरकारी यंत्रणेनेच. 2022पासून तेलांत आणि वनस्पती तुपात 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. लाकडी घाण्याचा भावही सरकारने ठरवलेला नाही.

पोषण संस्थेच्या आहारतत्त्वांच्या 1998, 2011 आणि 2024 अशा तिन्ही आवृत्त्या काढून बघा. मीठ, साखर, तेल कमी आणि भाज्या-फळं भरपूर, हे तिन्हींत आहे. बातमी मात्र फक्त चहाची होते, कारण चहावर लोक भांडतात. तो सल्लाही हवेतला नाही. चहातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. दुपारची भाकरी-पालेभाजी संपल्या संपल्या कपभर चहा घेणाऱ्या याच ना? आणि आजी खायची ते खायचं तर आजीइतकं दळण-कांडणही करा.

बिनसाखरेचा
आमच्या हापिसातला फलक बघितला. चांगला रंगीत आहे. त्याच्या बरोब्बर खाली वडापावचा ट्रे ठेवतात, कारण भिंतीवर दुसरा खिळा नव्हता.

कोरडवाहू
तुम्ही दोघंही चहावर अडलात. 2024च्या तत्त्वांत 2000 कॅलरीचं एक ताट दिलंय, त्याकडे बघा. माणशी रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाजी, 27 ग्रॅम तेल. आता चौघांच्या घराचा हिशेब मांडा. तेल महिन्याला सव्वातीन किलो. पाच लिटरचा डबा आणणाऱ्यांना खरंच कमी करायला हवं, मान्य. पण डाळ? दहा किलो! आमच्या गावात दहा किलो डाळ कुणाच्या घरात जाते? वरणात डाळ शोधावी लागते.

आणि रेशनवर काय मिळतं? माणशी 5 किलो गहू-तांदूळ. 2022च्या दिवाळीत 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. पिशवीत साखर-तेल घालणारंही सरकार आणि भिंतीवर साखर-तेल कमी करा म्हणणारंही सरकार. 2025च्या फेब्रुवारीत पंतप्रधान म्हणाले, तेल दहा टक्के कमी वापरा. मे संपता संपता कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 10वर आलं. सल्ला बदलतो याचा मला राग नाही. सल्ला आणि पिशवी यांची गाठच पडत नाही, याचा आहे.

आहारवेडी
कोरडवाहू, डाळीचं पटलं. पण शिधा सणापुरता होता, दिवाळीत साखर-तेल द्यायचं नाही तर काय द्यायचं? आणि गाठ कधीच पडत नाही असं नाही. 2023च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलंच होतं.

कोरडवाहू
आणि 2025च्या जानेवारीत त्याचा निधी बंद झाला, ताई. अंडं द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणे. ज्या गावातल्या पोरांना अंड्याची गरज आहे, त्याच गावाने वर्गणी काढायची!

तर्रीबाज
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. सांगणाऱ्यालाच धड पाळता येत नाही, तर मी का पाळू?

आहारवेडी
तुमची साखर मंत्रालयाच्या रक्तात वाढणार नाहीये म्हणून.

तर्रीबाज
टोमणा पोचला. समोसा चालूच राहील.

नवीनच_आलेली
मध्येच विचारते, माफ करा. सासूबाईंचं हिमोग्लोबिन 9 आहे, गोळ्या चालू आहेत. जेवण झालं की चहा हवाच. तासभर थांबा म्हटलं की डोकं दुखतं म्हणतात. काय करू?

आहारवेडी
चहा तोडू नका, सरकवा. जेवणानंतर लगेच नको, चहा चारला. वरणावर, भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त लागू पडतं. लोहाची गोळी मात्र चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको. आणि 9 का झालं ते डॉक्टरांना विचारा, नुसत्या चहावर ढकलू नका.

बिनसाखरेचा
सासूबाईंना चारपर्यंत थांबायला कोण सांगणार, तेही लिहा.