मदत हवी आहे: थकव्यासाठी व्हिटॅमिनची ड्रिप घ्यावी का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण, वय ३४, रोज कोथरूड ते हिंजवडी करून पार गळून जाते. आता बाणेरच्या एका क्लिनिकमध्ये 'एनर्जी ड्रिप'चं पॅकेज घ्यायचं म्हणतेय. बी१२, व्हिटॅमिन सी, ग्लुटाथायोन (एक अँटिऑक्सिडंट), सगळं सलाइनमधून. एकही रक्ततपासणी न करता त्यांनी थेट पैसे भरायला सांगितले, ते मला अजिबात पटलेलं नाही.

आम्ही शाकाहारी, त्यामुळे बी१२ कमी असू शकतं. तसं असेल तर इंजेक्शनचा खरंच उपयोग होतो. आईला झाला होता (ती मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, त्यानेही बी१२ उतरतं). पण थकवा कमी हिमोग्लोबिन, कमी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) किंवा थायरॉइडमुळेही असतो ना? शिवाय व्हिटॅमिन सीचा मोठा डोस जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकतो, किडनीच्या रुग्णांनाही तो धोक्याचा. हे तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कुणी अशी ड्रिप घेतली आहे का? सुई कोण लावतं, डॉक्टर तिथे हजर असतात का? औषधाची बाटली समोर उघडून एक्स्पायरी दाखवतात का? अचानक ॲलर्जी आली तर तिथे काय सोय असते? डॉक्टरांची नोंदणी मी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघणारच आहे.

आणि कोथरूड-कर्वेनगर भागात शांतपणे ऐकून घेणारे फिजिशियन असतील तर कृपया सुचवा. शनिवारी ती पैसे भरणार आहे, त्याआधी तिला दाखवून आणायचंय.