कॅमेरे सोळा, रेकॉर्डिंग साडेपाच दिवसांचं

बी-५०३: सचिव साहेब, बारा दिवसांपूर्वी पार्किंगमध्ये कोणीतरी माझ्या गाडीचा मागचा दिवा फोडला. मी बाहेरगावी होते, काल आल्यावर कळलं. फुटेज बघायला गेले तर त्या दिवसाचं काहीच नाही. रेकॉर्डरवर फक्त गेल्या पाच-साडेपाच दिवसांचंच दिसतंय. आपल्याला तर तीस दिवसांचं सांगितलं होतं ना?

सचिव: ताई, बसवणाऱ्यानं तीस दिवस म्हणूनच सांगितलं होतं. संध्याकाळी खाली जाऊन बघतो.

ए-२०४: डिस्क गेली असणार. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरची २ टीबीची पडून आहे, ती लावा.

सी-७०२: काका, डिस्क बदलायच्या आधी एक बघू या. सचिव साहेब, रेकॉर्डरच्या मेनूत डिस्कची साइज आणि प्रत्येक कॅमेऱ्यापुढे बिटरेट, म्हणजे तो सेकंदाला किती डेटा पाठवतो ते, दिसतं. तेवढा फोटो टाकाल का? माझं रोजचं काम स्टोरेजचंच आहे, लगेच सांगतो.

सचिव: फोटो टाकलाय. डिस्क एकच, ४ टीबी, स्टेटस नॉर्मल. सोळाही कॅमेऱ्यांपुढे ४०९६ आणि एच.२६४ लिहिलंय. चोवीस तास रेकॉर्डिंग चालू.

सी-७०२: मग डिस्क धडधाकट आहे, हिशोबच कोणी केला नव्हता.

४०९६ हे किलोबिट, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटच्या किंचित वर. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की एका कॅमेऱ्याचे रोज ४४ जीबी होतात, सोळांचे ७०० जीबीच्या वर. ४ टीबीला त्यानं भागा, साडेपाच दिवसांच्या जरा वर येतं. ताईंना नेमकं तेवढंच दिसलं. तीस दिवस ठेवायचे तर याच सेटिंगवर २१ टीबी लागले असते.

डिस्क भरली की रेकॉर्डर थांबत नाही, सगळ्यात जुनं पुसून त्याच जागी नवीन लिहितो. त्यामुळे सगळं व्यवस्थित चालू असल्यासारखंच दिसतं.

बी-५०३: म्हणजे माझं फुटेज गेलंच? डेटा रिकव्हरीवाले काढून देतात ना?

सी-७०२: ताई, नुसतं डिलीट झालेलं बरेचदा परत मिळतं. त्याच जागेवर दुसरं लिहिलं गेलं की नाही मिळत. बारा दिवसांत आपल्या डिस्कवर दोन वेळा नवं रेकॉर्डिंग फिरून गेलंय. कोणी काढून देतो म्हणालं तरी पैसे घालवू नका. वाईट वाटतंय, पण खरं सांगितलेलं बरं.

ए-६०१: एवढं करण्यापेक्षा सरळ क्लाउडवर टाकू या ना. डिस्कची कटकटच नको.

सी-७०२: सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे ६४ एमबीपीएसचा अपलोड, तोही रात्रंदिवस. डाउनलोड नव्हे, अपलोड. शिवाय महिन्याला २१ टीबी दुसऱ्याच्या जागेत ठेवायचं भाडं दर महिन्याला. आणि नेट गेलं की तेवढा वेळ रेकॉर्डिंगच नाही.

पण तुझी कल्पना पूर्ण सोडून देऊ नकोस. कोणी रेकॉर्डरच उचलून नेला किंवा तिथे आग लागली, तर इमारतीत ठेवलेलं काहीच उपयोगाचं राहत नाही. गेटच्या दोन कॅमेऱ्यांवर हालचाल झाली की तेवढ्याच छोट्या क्लिप क्लाउडवर गेल्या तर साध्या कनेक्शनवरही निभतं. मी तेवढ्यापुरता क्लाउडच्या बाजूचा आहे.

खजिनदार: २१ टीबी ऐकूनच धडकी भरली. कमी करायचा काही मार्ग आहे का?

सी-७०२: आहे वहिनी, आणि तो फुकट आहे. खरेदीच्या आधी तोच करायचा.

पहिलं म्हणजे एच.२६४ चं एच.२६५ करायचं. ही व्हिडिओ दाबून साठवायची तंत्रं. एच.२६४ हे २००३ सालचं, एच.२६५ २०१३ चं. तेवढ्याच स्पष्टतेला नव्याला साधारण निम्मी जागा पुरते. मात्र कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांनाही ते यायला हवं. आपल्या मॉडेलना येतं, मी आत्ताच पाहिलं.

दुसरं, आता सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं घेतोय. जिन्यात चालणारा माणूस १५ फ्रेममध्येही तितकाच ओळखू येतो.

तिसरं, सगळ्या कॅमेऱ्यांना एकच माप लावायचं नाही. गेटचे दोन आणि पार्किंगचे चार असे सहा महत्त्वाचे, त्यांना ३ मेगाबिट. लिफ्ट, जिने, गच्ची धरून उरलेल्या दहांना दीड. बेरीज ३३ मेगाबिट, म्हणजे दिवसाला ३५६ जीबी आणि तीस दिवसांचे १०.७ टीबी. जवळपास निम्म्यावर आलो.

ए-२०४: गेटचा बिटरेट कमी केल्यावर गाडीचा नंबर दिसेल का रे? आत्ताच रात्री दिसत नाही.

सी-७०२: चांगला प्रश्न काका. रात्री नंबर पुसट दिसतो तो बहुतेक शटरमुळे. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात गाडी पुढे सरकते आणि आकडे फराटले जातात. फ्रेम किंवा बिटरेट वाढवून ते सुधारत नाही. गेटपाशी उजेड वाढवायचा आणि त्या एका कॅमेऱ्याचं शटर वेगवान करायचं. अंधारात चित्रात जे दाणे येतात तेही जागा खातात, ती बचत वेगळीच.

डी-१०२: हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड करायची सोय असते ना? मग जिन्यातलं रिकामं रेकॉर्डिंग कशाला साठवायचं?

सी-७०२: जिने आणि गच्चीला ती सोय नक्की लावू ताई. हालचालीच्या आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे तीस सेकंद धरायला सांगायचं, नाहीतर माणूस दारातून आत आलेला दिसतच नाही, एकदम मध्येच उभा दिसतो. पण गेट आणि पार्किंग चोवीस तासच ठेवू. तिथे झाडाची फांदी हलते, पाऊस पडतो, रात्री इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, त्यामुळे जागा वाचत नाहीच. उलट दूरची बारीक हालचाल कधीकधी पकडली जात नाही. डिस्कचं माप काढताना मी ही बचत धरलेलीच नाही. वाचली तर वरकड.

खजिनदार: मग घ्यायचं काय, ते सांगा.

सी-७०२: आपल्या रेकॉर्डरमध्ये दोन डिस्कची जागा आहे, आणि प्रत्येकी ८ टीबीपर्यंतच चालते. तेव्हा दोन ८ टीबी. डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या, वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक.

काका, तुमची घरची डिस्क का नको तेही सांगतो. साध्या डेस्कटॉप डिस्कला वर्षाला साधारण ५५ टीबीचं काम झेपेल असं धरलेलं असतं, तेही दिवसाचे काही तासच चालेल या हिशोबानं. सर्व्हेलन्स डिस्क चोवीस तास आणि वर्षाला १८० टीबीसाठी असते. नव्या सेटिंगवर आपण वर्षाला १३० टीबी लिहिणार, दोघींत वाटून प्रत्येकी ६५. म्हणजे साधी डिस्क तिथेही कमीच पडते. आताची बिचारी एकटी वर्षाला २५० टीबीच्या वर लिहितेय.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एखादी जागा खराब लागली तर साधी डिस्क तिथेच अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कारण तुमच्या कागदपत्रांतलं एक अक्षरही गमावून चालत नाही. व्हिडिओत एखादी फ्रेम गेली तर चालतं, पण थांबून चालत नाही, सोळा कॅमेरे मागून येतच असतात. सर्व्हेलन्स डिस्क तिथे रेंगाळत नाही, पुढे लिहीत जाते.

ए-६०१: दादा, एसएसडी?

सी-७०२: ती फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. बस, ट्रक अशा हादरे बसणाऱ्या ठिकाणी उत्तम. इथे एवढ्या टीबीला परवडणार नाही, आणि तिची लिहिण्याची मर्यादाही ठरलेली असते.

सचिव: दोन डिस्कवर तेच रेकॉर्डिंग ठेवता येतं ना? एक गेली तर दुसरी असते. आमच्या ऑफिसात तसं आहे.

सी-७०२: हो साहेब, त्याला रेड १ म्हणतात. तसं केलं तर १६ टीबीतली ८ च वापरता येईल आणि बावीस दिवस मिळतील. वेगवेगळ्या ठेवल्या तर पंचेचाळीस दिवस, पण एक बिघडली तर तिच्यावरचं सगळं गेलं. रेड ५, म्हणजे कमी जागा गमावून एका डिस्कचा बिघाड सोसणारी रचना, तिला किमान तीन डिस्क लागतात, आपल्या पेटीत बसत नाही.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर जरूर बोला. आपल्याकडे फुटेज मिळालं नाही ते डिस्क बिघडल्यामुळे नाही, ताईंना कळायला बारा दिवस लागले म्हणून. लोक गावाला जातात, परीक्षा असते, आजारपण असतं, चोरी उशिरा लक्षात येते. म्हणून मी दिवसांना आधी मान देईन, डिस्क वेगवेगळ्या ठेवीन.

बिघाडाची भीती वेगळ्या मार्गानं कमी करू. त्या सहा कॅमेऱ्यांत मेमरी कार्डाची जागा आहे. १२८ जीबीचं कार्ड ३ मेगाबिटला जवळपास चार दिवस पुरतं. रेकॉर्डर बंद पडला, केबल तुटली, कोणी पळवला तरी कॅमेऱ्यात ते चार दिवस असतात. कार्ड मात्र हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच घ्यायचं. मोबाइलचं साधं कार्ड अशा सततच्या लिहिण्यानं लवकर झिजतं, आणि खराब झालंय हे कोणाला कळतही नाही.

खजिनदार: दोन डिस्क, सहा कार्डं. कोटेशन मागवते.

डी-१०२: पण पंचेचाळीस दिवस कशाला? मूल किती वाजता आलं, कोणाकडे कोण आलं, सगळं त्यात आहे. मला ते इतके दिवस पडून राहिलेलं आवडणार नाही.

सी-७०२: ताईंचा मुद्दा बरोबर आहे. रेकॉर्डरमध्ये मुदत घालता येते, तीस दिवस झाले की जागा असली तरी पुसायचं. उरलेली जागा लॉक केलेल्या, म्हणजे पुसल्या जाऊ नयेत म्हणून राखलेल्या क्लिपसाठी राहील आणि पुढे एखाद-दोन कॅमेरे वाढले तरी पुरेल. पासवर्ड पण दोन करू. सुरक्षारक्षकाला फक्त लाइव्ह, मागचं बघायचा अधिकार सचिव आणि अध्यक्षांनाच.

डी-१०२: तसं असेल तर माझी हरकत नाही.

सचिव: आत्ता खाली उभा आहे. रेकॉर्डरवरचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा नऊ मिनिटं पुढे दाखवतंय. आणि पेटीला हात लावला तर चांगलीच गरम आहे, वर जुन्या फाइलींचा गठ्ठा ठेवलाय कोणीतरी.

सी-७०२: गठ्ठा आत्ताच उचला साहेब. उष्णतेनं डिस्कचं आयुष्य कमी होतं. पेटीच्या मागे वीतभर तरी मोकळी जागा हवी. घड्याळासाठी नेटवर्क सेटिंगमध्ये एनटीपी चालू करा, म्हणजे वेळ आपोआप जुळेल. नऊ मिनिटांच्या फरकानं निरपराध माणसावर संशय जाऊ शकतो. यूपीएस आहे का तिथे? वीज अचानक गेली की लिहिता लिहिता डिस्क बंद पडते.

सचिव: यूपीएस आहे, पण त्याचा प्लग काढून ठेवलाय. लावला. गठ्ठा उचलला.

सी-७०२: आणखी एक मागणं आहे. दर महिन्याला एकदा कोणताही एक कॅमेरा निवडून त्याचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग एक मिनिट चालवून बघायचं आणि तारीख वहीत लिहायची. स्क्रीनवर लाइव्ह दिसतंय याचा अर्थ रेकॉर्ड होतंय असा नाही. डिस्क पूर्ण मेलेली असली तरी लाइव्ह छान दिसतं. ही वही असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

बी-५०३: ती वही मी सांभाळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि सचिव साहेब खाली जाऊ. काही घडलं तर क्लिप कशी काढायची तेही एकदा शिकवा.

सी-७०२: नक्की ताई. थोडक्यात, घटनेच्या आधी-नंतरचा अर्धा तास धरून आधी लॉक करायचं, मग पेनड्राइव्हवर रेकॉर्डरच्या मूळ फॉरमॅटमध्ये काढायचं, सोबत त्याचा प्लेअरही घ्यायचा. फाइलची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून हिशोबानं निघणारा तिचा ठसा, काढून वहीत लिहायची. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलते, म्हणजे नंतर कोणी छेडछाडीचा आरोप केला तर तपासता येतं. या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पुरावा म्हणून देऊ नका. पाठवताना तो दाबला जातो, चेहरे आणि नंबर त्यातच जातात.

ए-२०४: मग ती जुनी ४ टीबी बसवणाऱ्याला देऊन टाकायची का? तो परत घेतो म्हणाला होता.

सी-७०२: नको काका. त्यात आपल्या सगळ्यांचं येणंजाणं आहे, आणि क्विक फॉरमॅटनं फक्त यादी पुसली जाते, व्हिडिओ तसेच राहतात. काढल्यावर तीस दिवस लेबल लावून कपाटात ठेवू, त्यातलं काही लागलं तर. मग ती माझ्याकडे द्या, संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून आणतो. ४ टीबीला सात-आठ तास लागतील, रात्री लावून ठेवीन.

सचिव: कुलूपबंद कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याकडे आणि अध्यक्षांकडे.