मॉरिसचा पंप बदलण्याआधी

दादा, किल्ली फिरवली तरी मॉरिस मायनर या जुन्या गाडीचा एसयू पंप (कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणारा विजेवरचा पंप) टिकटिक करत नाही, म्हणून नवाच घ्या, हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला पटत नाही. आधी टेस्ट लॅम्पचं एक टोक पंपाच्या वायरला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावा. दिवा लागला तर करंट येतोय. मग पंपाच्या बॉडीपासून ब्लॉकपर्यंत सुटी वायर जोडून अर्थिंग बघा. जुन्या गाडीत गंजामुळं अर्थ तुटतो आणि दोष बिचाऱ्या पंपावर येतो.

तरीही गप्प? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंपावर हलकंसं ठोका. सुरू झाला तर बहुतेक आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत. बॅटरी सोडवून, टोपी काढून पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. किल्ली चालू ठेवून मात्र बसू नका, पंप अडकलेला असेल तर कॉइल तापते.

आणि कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठणारी वाटी) भरलेलं असेल, किंवा तिथली पेट्रोल अडवणारी सुई बंद स्थितीत अडकली असेल, तर चांगला पंपही आवाज करत नाही. हे आधी तपासाच.

डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) आणि रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, 20 टक्के मिश्रणाचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. पितळी युनियनचे (नळी जोडायच्या सांध्याचे) आटे गेले असतील तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर नवं करून घ्या.